छायाचित्राची कावीळ : कार्यालयातील प्रिंटरचे रंग बिघडल्यास काय तपासावे

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने आमच्याकडे इतिहासावरील लेख मागितला होता. आम्ही देत आहोत तो लेख कार्यालयातील रंगीत प्रिंटरविषयी आहे, याचे आमच्या जुन्या विद्यार्थ्यांस नवल वाटेल. परंतु आपल्या वसतिगृहातून बाहेर पडलेले किती तरी जण आज ग्रामपंचायतीत, पतसंस्थेत, सेतू केंद्रात, शाळेत वा दवाखान्यात काम करीत आहेत आणि त्या प्रत्येकाच्या टेबलावर असे एक यंत्र आहे. ते बिघडले की दुकानदार येतो, मान हलवतो आणि नवीन घ्या म्हणतो. आम्हालाही त्याने तेच सांगितले होते. नवीन यंत्र न घेता आम्ही जे शिकलो ते येथे नोंदवून ठेवीत आहोत. शिकण्याचे कारण मात्र यंत्राचे नव्हते. ते एका आईच्या दूरध्वनीचे होते.

बेलापूरच्या आमच्या वसतिगृहात पाथर्डी-शेवगावकडील बरीच मुले-मुली आहेत. दिवाळी उरकली की त्यांचे आईवडील ऊसतोडीला निघतात आणि उन्हाळा लागेपर्यंत परतत नाहीत. मध्यंतरी मुलांची ख्यालीखुशाली कळावी म्हणून आम्ही एक प्रगतिपत्रक छापतो. त्यावर हजेरी, गुण, वजन-उंची आणि एक ताजे रंगीत छायाचित्र असते. कोणी नातेवाईक वा मुकादमाचा माणूस कारखान्याच्या तळाकडे जाणारा भेटला की त्याच्याबरोबर ती पत्रके पाठवून देतो. गेल्या हंगामात असेच एक पत्रक कोल्हापूरकडील तळावर पोहोचले आणि त्याच रात्री आठव्या इयत्तेतील एका मुलीच्या आईने फोन केला.

"सर, पोरीला कावीळ झाली ना? खरं सांगा. तोंड पार पिवळं पडलंय तिचं. मी उद्याच्या गाडीनं निघते."

मुलगी त्या वेळी जेवणाच्या पंगतीत बसली होती आणि तिसरी भाकरी मागत होती. आम्ही तिला फोनवर दिले. दहा मिनिटे मायलेकी बोलल्या, तेव्हा कुठे त्या बाईंचा जीव भांड्यात पडला. परंतु त्या खरोखर निघाल्या असत्या तर काय झाले असते, हे ऊसतोडीचा हिशेब ठाऊक असणाऱ्यास सांगावे लागत नाही. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. त्यांतले एक माणूस उठले की कोयता मोडतो, उचल अंगावर राहते आणि मुकादम दारात उभा राहतो. हे सारे एका छायाचित्रापायी घडले असते आणि त्या पत्रकावर वर्गशिक्षक म्हणून सही आमचीच होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही उरलेली पत्रके टेबलावर मांडून पाहिली. सगळीच मुले पिवळी होती, थोडीशी हिरवटही. छापताना कोणाच्या लक्षात आले नव्हते असे म्हणता येणार नाही. रंग जरा फिके येत आहेत, पण चालते, असे लेखनिकही म्हणाले होते आणि आम्हीही म्हणालो होतो.

हा रंग पिवळाच का झाला, निळा वा गुलाबी का झाला नाही, येथपासून विचार केला पाहिजे. रंगीत प्रिंटरमध्ये बहुधा चार शाया असतात : सायन म्हणजे आकाशीकडे झुकणारी निळी, मॅजेंटा म्हणजे किरमिजी, तिसरी पिवळी आणि चौथी काळी. बाकीचे सारे रंग यांच्या बारीक ठिपक्यांच्या शेजारपणातून आणि एकमेकांवर पडण्यातून तयार होतात. ही युक्ती आजची नाही. याकोब क्रिस्तोफ ल ब्लाँ या चित्रकाराने तीन रंगांच्या ठशांवरून पूर्ण रंगीत चित्र छापण्याच्या पद्धतीचा हक्क इंग्लंडात १७१९ मध्ये मिळविला होता. आपल्याकडे राजा रविवर्मा यांचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत गिरगावात सुरू झाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीस गेला. तेथे प्रत्येक रंगासाठी स्वतंत्र दगड असे. एक दगड एक रंग उमटवी, मग तोच कागद दुसऱ्या दगडाखाली जाई. आपल्या आजीच्या देव्हाऱ्यावर टांगलेली लक्ष्मी अशा अनेक दगडांखालून निघून आलेली असे. त्यांतला एखादा दगड शाई न लावताच चालविला असता तर लक्ष्मीचीही मुद्रा बदलली असती.

आमच्या यंत्रात तेच घडले होते. मनुष्याच्या त्वचेचा रंग, मग तो गोरा असो की सावळा, प्रामुख्याने पिवळी आणि किरमिजी यांच्या मिश्रणातून उमटतो. त्यात थोडी सायन, गडद भागी थोडी काळी. किरमिजी शाई उतरलीच नाही तर पिवळी एकटी पडते, तिला थोड्या सायनची साथ मिळते आणि चेहरा पिवळसर-हिरवट होतो. कावीळ झाल्यासारखा. त्या आईने नेमके निदान केले होते, फक्त रुग्ण वेगळा होता.

कोणती शाई गेली हे ओळखण्याची एक चाचणी आपल्या घराघरांत आहे आणि आमच्या ध्यानात ती योगायोगानेच आली. त्याच आठवड्यात कार्यक्रमपत्रिकेवर छापलेला पंचशील ध्वज हातात आला. हा ध्वज १८८५ च्या वैशाख पौर्णिमेस श्रीलंकेत प्रथम फडकला. त्याचे रंग पाली परंपरेतील नावांनी नील, पीत, लोहित, ओदात आणि मंजिट्ठ. शेवटचे नाव मंजिष्ठा या वेलीवरून आले आहे. तिच्या मुळांपासून तांबडा रंग काढतात. ध्वजावर मात्र आपण तेथे नारिंगी पाहतो. सहावी पट्टी या पाचही रंगांचे छोटे तुकडे एकाखाली एक मांडून केलेली असते. तिला पभस्सर, म्हणजे प्रभास्वर, म्हणतात.

आता हा ध्वज चार शायांच्या भाषेत वाचावा. निळी पट्टी सायन आणि किरमिजी यांची, पिवळी केवळ पिवळीची, लाल किरमिजी आणि पिवळीची, नारिंगी पिवळीत कमी किरमिजी घालून झालेली, आणि पांढरी म्हणजे कोरा कागद. किरमिजी शाई बंद पडली तर निळी पट्टी आकाशी होईल आणि लाल, पिवळी, नारिंगी या तिन्ही पिवळ्याच दिसतील. आमच्या कार्यक्रमपत्रिकेवर अगदी हेच झाले होते. सायन बंद पडली तर निळी पट्टी किरमिजी होईल, बाकीच्या जवळजवळ जशाच्या तशा राहतील. पिवळी संपली तर पिवळी पट्टी कागदात विरून जाईल, लाल किरमिजी होईल आणि नारिंगी फिकट गुलाबी. पांढऱ्या पट्टीवर काही रेघा वा डाग उमटले तर शाईचा दोष नाही, आतील रूळ वा शाईचे शीर्ष घाण झाले आहे. सहाव्या पट्टीतील तुकड्यांच्या कडा दुहेरी दिसल्या तर शीर्षाची जुळणी सरकली आहे. तिच्यासाठी यंत्राच्या सूचीत अलाइनमेंट नावाची सोय असते. काळी शाई मात्र या ध्वजावरून कळत नाही, म्हणून खाली काळ्या अक्षरांत एक ओळ आणि एक करडी पट्टी छापावी. करडा रंग फार बोलका आहे. तो जरासा जरी गुलाबी वा हिरवा झुकला तरी डोळ्यास लगेच कळते.

इतिहासाच्या विद्यार्थ्यास मूळ साधन आणि दुय्यम साधन यांतील भेद प्रथम शिकवितात. छापून आलेले छायाचित्र हे दुय्यम साधन आहे. त्यात कॅमेरा, संगणक, आज्ञावली, मांडणी, कागद, शाई अशा अनेकांचे हात लागलेले असतात आणि दोष कोणाचा हे त्यावरून सिद्ध होत नाही. मूळ साधन म्हणजे प्रिंटरची स्वतःची चाचणी. तिला नोझल चेक म्हणतात. शाई ज्या सूक्ष्म छिद्रांतून कागदावर पडते त्या प्रत्येक छिद्राकडून ती एकेक छोटी रेघ ओढून घेते. बहुतेक यंत्रांत ती संगणकाविना, यंत्रावरील बटणांनीच छापता येते. कोणते बटण किती वेळ दाबावे हे यंत्राच्या पुस्तिकेत दिलेले असते. ती पुस्तिका कोणी फेकून दिलेली नसावी एवढीच अपेक्षा. आमची बाबासाहेबांच्या खंडांमागे सापडली.

आमच्या नोझल चेकमध्ये काळी, सायन आणि पिवळी यांच्या रेघा पायरीपायरीने अखंड आल्या होत्या. किरमिजीच्या जागी मोजून तीन तुकडे. निकाल लागला. ही चाचणी स्वच्छ आली असती तर यंत्रास हात लावण्याचे कारण नव्हते. मग दोष कागदात, मांडणीत वा मूळ चित्रात शोधावा लागला असता. बहुतेक लोक हा क्रम उलटा करतात. रंग बिघडला की आधी शीर्षसफाई करतात, मग शाई बदलतात, मग संगणकातील प्रिंटर काढून पुन्हा बसवितात आणि या साऱ्यांनंतर रंग सुधारला तर तो कशाने सुधारला हे त्यांस सांगता येत नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि प्रत्येक वेळी नोझल चेक छापून त्यावर तारीख व वेळ लिहावी. आमच्याकडे अशी सात पाने आहेत.

किरमिजीची टाकी अर्धी भरलेली होती, तेव्हा शाई संपल्याचा प्रश्न नव्हता. टाकीतील पातळी खालच्या खुणेच्याही खाली जाऊ देऊ नये, कारण मग नळीत हवा शिरते आणि पुढे शाई भरूनही रंग तुटत राहतो. छिद्रे सुकून बंद झाली असतील तर हेड क्लीनिंग करावे. ही आज्ञा दिली की यंत्र छिद्रांतून जोराने शाई ओढून बाहेर टाकते. पहिल्या सफाईनंतर आमच्या निम्म्या रेघा परत आल्या, दुसऱ्यानंतर आणखी थोड्या. येथे मोह होतो की आणखी चार वेळा करावे. तो आवरावा. प्रत्येक सफाईत चारही टाक्यांतील शाई जाते आणि ती यंत्राच्या तळाशी असलेल्या शोषक गादीत मुरते. गादी भरली की यंत्र काम नाकारते आणि मग दुरुस्ती केंद्र गाठावे लागते. दोन-तीन सफाया करूनही रेघा तुटक राहिल्या तर यंत्र त्याच्या बटणाने बंद करून किमान बारा तास तसेच ठेवावे. त्या वेळात सुकलेली शाई ओल धरते, बुडबुडे बसतात. आम्ही रात्रभर ठेवले. सकाळच्या एका सफाईत किरमिजीच्या सगळ्या रेघा उमटल्या. टाचणी, सुई, गरम पाणी, स्पिरिट असले उपाय सांगणारे पुष्कळ भेटतील. ती छिद्रे केसाहूनही बारीक असतात, त्यांत टाचणी शिरत नाही, फक्त नासधूस होते.

वर "त्याच्या बटणाने" असे म्हटले ते मुद्दाम. कारण सुकण्याचे खरे मूळ तेथेच होते. काम संपल्यावर शाईचे शीर्ष उजव्या कोपऱ्यातील आपल्या जागेवर जाऊन बसते आणि तेथील रबरी टोपण छिद्रांवर घट्ट बसते. हे सारे यंत्राचे बटण दाबून ते बंद केले तरच व्यवस्थित होते. भिंतीवरील मुख्य कळ बंद केली आणि त्या क्षणी शीर्ष मध्येच असले, तर ते तसेच उघडे राहते. दिवाळीच्या सुटीस निघताना आमच्या शिपाईमामांनी शेवटच्या छपाईपाठोपाठ मुख्य कळ बंद केली होती. सुटी अठरा दिवसांची होती. मामांस विचारले तेव्हा त्यांनी दाराजवळील फलकाकडे बोट दाखविले : "जाताना मुख्य कळ बंद करावी. वीज वाचवावी." खाली आमचीच सही होती. आम्ही काही बोललो नाही. आता त्या फलकाखाली आणखी एक ओळ आहे : प्रथम प्रिंटरचे बटण, दिवे विझेपर्यंत थांबावे, मग मुख्य कळ. वीज अचानक जाण्यावर आपला इलाज नाही. पण आली की यंत्र एकदा चालू करून पुन्हा बटणाने बंद करावे, शीर्ष आपल्या जागी जाते. सुटी मोठी असेल तर आठवड्यातून एकदा कोणी तरी येऊन एक रंगीत पान काढावे. ते पान ध्वजाचे असले की चाचणीही होते.

शाईविषयी एक शब्द. स्वस्त पडते म्हणून बाजारातील कोणतीही शाई कोणत्याही टाकीत घालण्याची पद्धत आहे. चालतेही, काही दिवस. परंतु निराळ्या शायांची छटा निराळी असते आणि दोन प्रकारच्या शाया एकत्र आल्या तर कधी कधी गाठी धरतात. आम्ही कोणत्या कंपनीची घ्यावी हे सांगत नाही. एकदा जी घेतली ती बदलू नये आणि भरताना टाकीचा रंग बाटलीच्या रंगाशी ताडून पाहावा, एवढे सांगतो. पिवळीच्या टाकीत चुकून थोडी सायन पडली की पिवळी रेघ हिरवट होते आणि मग ती निस्तरणे फार खर्चाचे होते.

किरमिजी परत आली. आम्ही नवी पत्रके छापली. कावीळ गेली, पण चेहरे काळवंडलेले आले. डोळे, नाक, ओठ सारे एका गडद ठिगळात बुडाले होते आणि लेखनिकांनी सहज उपाय सुचविला : "थोडं गोरं करू का, सर? एका क्लिकमध्ये होतं." या वाक्यापाशी आम्ही थांबलो.

रंगीत छपाईच्या जगात 'प्रमाण चेहरा' कोणाचा धरला होता, हे इतिहासाच्या पुस्तकांत सहसा येत नाही. विसाव्या शतकाच्या मध्यापासून कोडॅक कंपनी छायाचित्रे धुणाऱ्या प्रयोगशाळांना रंग जुळविण्यासाठी एक नमुना-पत्र पाठवीत असे. त्यावर एका गोऱ्या स्त्रीचे छायाचित्र असे. त्या पत्रास शर्ली कार्ड असे नाव पडले. तिची त्वचा बरोबर आली म्हणजे यंत्र बरोबर. सावळ्या-काळ्या माणसांचे चेहरे त्या मापात बसत नसत, त्यांचे बारकावे अंधारात जात. कॅनडातील अभ्यासक लोर्ना रॉथ यांनी या प्रश्नाचा शोध घेतला, तेव्हा कंपनीतील जुन्या माणसांनी त्यांना सांगितले की, फिल्ममध्ये सुधारणा करण्यास जोर आला तो चॉकलेट आणि लाकडी सामान विकणाऱ्यांच्या तक्रारींमुळे. त्यांच्या जाहिरातींत गडद चॉकलेट आणि फिकट चॉकलेट वेगळे ओळखू येत नव्हते! माणसांच्या तक्रारी आधी कोणी मोजल्या नव्हत्या. नंतर अनेक वर्णांच्या व्यक्ती असलेली नमुना-पत्रे निघाली.

म्हणून गोरे करण्याचे बटण आम्ही दाबू दिले नाही. ते बटण चेहऱ्याचे बारकावे परत आणत नाही, रंग पुसून टाकते आणि घरी पोहोचते ते दुसऱ्याच कोणाचे तरी मूल. पिवळ्या चेहऱ्याने आईस भीती वाटली, गोऱ्या चेहऱ्याने तिला काय वाटले असते?

खरा दोष कागदात होता. कार्यालयातील साधा ७० वा ७५ जीएसएमचा कागद शाई पितो. ठिपका पडतो तेव्हा लहान असतो, तंतूंत पसरून मोठा होतो. फिकट रंगांत हे फारसे जाणवत नाही, कारण ठिपक्यांमध्ये मोकळी जागा पुष्कळ असते. गडद रंगांत ठिपके आधीच जवळजवळ असतात, ते पसरले की मधली जागा बुजते. सावळ्या चेहऱ्यावरील उजेड-सावलीचा सारा खेळ त्याच मधल्या जागेत असतो. उपाय दोन. लेपाचा मॅट कागद वापरावा, तो शाईस वरच धरून ठेवतो. त्याची लेप दिलेली बाजू अधिक पांढरी व गुळगुळीत असते, तीच बाजू छापावी. आणि प्रिंटच्या खिडकीत कागदाचा प्रकारही तोच निवडावा. प्लेन पेपर निवडून मॅट कागद घातला तर शाई अपुरी पडते, मॅट निवडून साधा कागद घातला तर शाईचे तळे होते. ड्राफ्ट या जलद प्रकारात छायाचित्र छापू नये, आणि ग्रेस्केलवर कोणी चुकून खूण करून ठेवली आहे काय तेही पाहावे. ही खूण एका कार्यालयात दोन महिने तशीच राहिली होती आणि तेथे रंगीत शाईच्या नव्या बाटल्या आणून ठेवल्या होत्या, असे आम्ही ऐकून आहोत. पावसाळ्यात कागदाचे फोडलेले बंडल प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवावे. दमट कागदावर याच तक्रारी दुप्पट होतात.

पंचवीस मुलांस मॅट कागद परवडतो, सव्वाशे मुलांस परवडेलच असे नाही. तेव्हा साध्या कागदासाठी चित्रातच बदल करावा लागतो. पूर्ण चित्र उजळू नये. त्याने पांढरा सदरा आणि भिंत जळून जाते. मधल्या छटा तेवढ्या थोड्या वर उचलाव्यात. बहुतेक आज्ञावल्यांत ती सोय मिडटोन्स वा गॅमा या नावाने असते. त्याहून सोपे म्हणजे छायाचित्र काढतानाच लक्ष द्यावे. आम्ही मुलांस भर दुपारी पांढऱ्या भिंतीपुढे उभे करीत होतो. भिंतीच्या लखलखाटाने कॅमेरा बिचकतो आणि चेहरा अंधारात टाकतो. आता सकाळी व्हरांड्यात, तोंडावर आकाशाचा उजेड आणि मागे फिकट निळा पडदा.

आमचे स्वतःचे शर्ली कार्डही आम्ही केले आहे. निरनिराळ्या वर्णांची सहा मुले, त्यांच्या पालकांच्या संमतीने, एका पानावर. खाली पंचशील ध्वज, करडी पट्टी आणि काळ्या अक्षरांची एक ओळ. मोठ्या छपाईपूर्वी हे एक पान निघते आणि त्या सहांपैकी जो कोणी हाताशी सापडेल त्यास खिडकीपाशी, दिवसाच्या उजेडात, पानाशेजारी उभे करतो. ट्यूबलाइटखाली रंगांचा न्याय करू नये. न्याय शेवटी मुलेच करतात. "सर, हा मी नाही," असे त्यांतील एकाने दोनदा सांगितले, तिसऱ्यांदा हसला.

एक तक्रार मात्र यंत्राची नव्हतीच. सगळे बरोबर असूनही ध्वजाची निळी पट्टी जांभळी दिसे. ही तक्रार आपल्या समाजात घरोघर आहे. जयंतीचे फलक, लग्नपत्रिका, मंडळांच्या पावत्या, सगळीकडे निळा देतात आणि जांभळा येतो, आणि मग छापखान्यावर राग निघतो. कारण असे : संगणकाचा पडदा प्रकाशाने रंग दाखवितो, आणि त्यावरचा भडक निळा शाईच्या आवाक्याबाहेर असतो. त्याच्या जवळात जवळ जाण्यासाठी यंत्र सायनमध्ये भरपूर किरमिजी घालते आणि दोन्ही जवळजवळ समान झाल्या की डोळ्यास जांभळे दिसते. म्हणून फलक बनविणाऱ्यास चार शायांचे प्रमाण विचारावे. सायन १०० टक्के असेल तर किरमिजी ७० च्या वर जाऊ देऊ नये, निदान तीसचे अंतर ठेवावे. आपल्या कार्यालयातील यंत्रावर प्रमाण असे देता येत नाही, तेथे रंग निवडतानाच भडक निळा टाळावा. लाल ०, हिरवा ७०, निळा १७० हे आकडे घातले की पडद्यावर रंग थोडा उदास दिसतो आणि कागदावर ध्वजाचा निळा उतरतो. यंत्रागणिक थोडा फरक पडेल. पाच-सहा चौकोन छापून त्यांतील एक निवडावा.

ज्यांच्याकडे लेसर प्रिंटर आहे त्यांस नोझलची चिंता नाही, तेथे शाईऐवजी भुकटी असते. ठराविक अंतराने तोच डाग पुन्हा पुन्हा उमटत असेल तर ड्रम वा रूळ पाहावा, अक्षरांच्या कडेला रंगीत सावली दिसल्यास रजिस्ट्रेशन, आणि सगळाच रंग एका बाजूस झुकल्यास कॅलिब्रेशन ही आज्ञा द्यावी. बाकी कागद, मांडणी आणि निळ्या रंगाविषयी वर लिहिले ते त्यांसही लागू आहे.

नवीन पत्रक आम्ही त्याच तळावर पुन्हा पाठविले. पंधरा दिवसांनी फोन आला. रंगाविषयी त्या बाई काही बोलल्या नाहीत. म्हणाल्या, "सर, गणितात पस्तीसच का पडले हिला?"